अंकलची मुकी जादू

मला जादूचे प्रयोग आवडत नाहीत. ठाण्याला आमच्या शाळेत वर्षातून एकदा जादूगार यायचा. एका वर्षी त्याने माझ्या कानातून अंडं काढलं आणि सगळा वर्ग खो खो हसला. घरी जाऊन मी आईला विचारलं, माझ्या कानात अंडं होतं तर मला कसं कळलं नाही? आई म्हणाली, तुझ्या डोक्यात काय असतं ते तरी तुला कुठे कळतं. तेव्हापासून लोकांना फसवून वर टाळ्या घेणाऱ्या माणसांबद्दल माझ्या मनात अढी बसली ती बसलीच. आणि अशा माझ्या शेजारी, यहुद्यांच्या नव्या देशात, येरुहामसारख्या वाळवंटातल्या गावात, भिंतीला भिंत लावून जादूगारच राहायला आला.

आम्ही त्यांना अंकल म्हणायचो. आम्ही दोघं कामाला होतो त्या बाटल्यांच्या कारखान्यात हिब्रू बोलणारे त्यांना दोद म्हणायचे, त्याचाही अर्थ तोच. वय पन्नाशीच्या पुढे, चण लहान, डोक्यावर मोजके केस आणि गळ्यात टाय. येरुहाममध्ये बासष्ट साली टाय लावणारा हा एकच माणूस होता. उन्हाळ्यात बसचा ड्रायव्हरसुद्धा बनियनवर गाडी चालवायचा, आणि अंकल पहाटेच्या पाळीला टाय लावून निघायचे. मी एकदा म्हटलं, "अंकल, बाटल्या बघायला टाय कशाला?" तर म्हणाले, "बाटल्यांसाठी नाय गो बाय. मानेला सवय आहे. टाय नसला की मान इकडेतिकडे बघत राहते."

मुंबईला ते रेल्वेच्या कचेरीत कारकून होते. संध्याकाळी मात्र जादूगार. आमच्या यहुदी लोकांची लग्नं, मुंजीसारखी मुलांची बार मित्झ्वा, क्लबातले जलसे, शाळांची स्नेहसंमेलनं, सगळीकडे त्यांना बोलावणं असायचं. मराठी, इंग्रजी, गुजराती आणि बंबइया हिंदी अशा चार भाषांत ते सारखे बोलत सुटायचे. पुढच्या रांगेतल्या एखाद्या बाईला विचारायचे, "बाई, मिस्टर घरी खरं बोलतात का?" बाई लाजायची, मिस्टर घसा खाकरायचे, बाकीचे हसायचे, आणि तेवढ्यात अंकलच्या हातातला पत्ता बदललेला असायचा.

"माझे हात साधारणच," हे त्यांनीच मला सांगितलं. "माझी जीभ फर्स्ट क्लास होती. ती इकडच्या बंदरावर कस्टमवाल्यांनी ठेवून घेतली."

ते अगदी खरं होतं. आमच्या कारखान्यात बाटल्या तपासायच्या पट्ट्यावर आम्ही शेजारी शेजारी उभे असायचो. माझ्या एका हाताला अंकल, दुसऱ्या हाताला रुमानियाहून आलेला एक उंच माणूस, समोर दोघी मोरोक्कोच्या बायका. प्रत्येकाची भाषा वेगळी. हिब्रू सगळ्यांनाच शिकवलं होतं आणि सगळ्यांनाच सारखंच कमी आलं होतं. पाणी, डॉक्टर, उद्या, उशीर, एवढ्या शब्दांवर आमचे दिवस निभायचे. एवढ्या शब्दांवर कोणाच्या मिस्टरांची थट्टा करता येत नाही.

तरी पहिल्या महिन्यात त्यांनी कॅन्टीनमध्ये प्रयत्न करून पाहिला. पत्ता ओळखायची साधी जादू. पत्ते पिसून रुमानियन माणसापुढे धरले आणि हिब्रूत म्हणाले, "घे." त्याने एक पत्ता घेतला. आता तो बघायचा, लक्षात ठेवायचा आणि परत कॅटमध्ये घालायचा, हे अंकलना सांगायचं होतं. "बघ" सांगता आलं. "लक्षात ठेव" येईना. तो माणूस पत्त्याकडे बघत राहिला, मग त्याने छातीवर हात ठेवून मनापासून आभार मानले, पत्ता खिशात घातला आणि भोंगा झाला म्हणून कामाला गेला. त्याला ती भेट वाटली होती. अंकल पाळी सुटेपर्यंत एकावन्न पत्ते खिशात घेऊन बाटल्या बघत होते आणि सुटल्यावर फाटकात त्याची वाट बघत उभे राहिले. पत्ता परत मागताना जी काही पंचाईत झाली ती मी लांबून पाहिली. रुमानियन फार दुखावला होता.

त्या दिवसापासून अंकलनी जादू शोधायला घेतली. लोक घर शोधतात, मुलीला स्थळ शोधतात, तसे ते जवळजवळ दोन वर्षं एक जादू शोधत होते. एकच पाहिजे होती. अट अशी की त्यात एक शब्द बोलावा लागता कामा नये, समोरच्याने काही लक्षात ठेवावं लागता कामा नये, कोणाला काही मोजावं लागता कामा नये, कारण मोजताना जो तो आपल्या भाषेत मोजतो. डोळ्यांनी बघितलं की झालं पाहिजे. आणि करायला सोपी पाहिजे. या सोपेपणाचं मला नवल वाटायचं. इतकी वर्षं जादू केलेल्या माणसाने सोपं काय मागायचं?

"अगो, कठीण ट्रिक ही जादूगाराने जादूगाराला दाखवायची," ते म्हणायचे. "ऑडियन्सला तुझी मेहनत नाय बघायची. मेहनत तर त्यांची त्यांना दिवसभर आहेच."

घासलेटची गाडी हे त्यांचं परीक्षेचं ठिकाण होतं. घंटा वाजली की आम्ही सगळे डबे घेऊन रांगेत उभे राहायचो. अंकल रांगेच्या पुढे जाऊन उभे राहायचे आणि आपल्या मनातली नवी जादू करायचे. हातात डबा, डोक्यावर ऊन, एक मूल कडेवर आणि एक पदराला, अशा बाईने जाता जाता मान वळवली आणि तिला कळलं, तर जादू पास. ती "काय केलं?" असं शेजारणीला विचारायला लागली की नापास. चार एक्क्यांची जादू नापास झाली, कारण एक्का म्हणजे काय हेच अर्ध्या रांगेला माहीत नव्हतं. पत्ता रुमालातून वर येण्याची जादू वाऱ्याने नापास केली. काळ्या पत्त्याचा लाल पत्ता करायची जादू मात्र बऱ्यापैकी चालली होती, पण मोरोक्कोची एक म्हातारी घाबरून बाजूला थुंकली, आणि अंकलनी ती कायमची सोडली. "भीती वाटली की मजा गेली," म्हणाले. "आपण इथे नवीन. भिववून कसं चालेल?"

घरी ते खिडकीच्या काचेसमोर सराव करायचे. मोठा आरसा कोणाकडेच नव्हता. हात चालू झाले की त्यांची जीभ आपोआप चालू व्हायची, चाळीस वर्षांची खोड. म्हणून ते तोंडाला मोठा हातरुमाल बांधून बसायचे. खिडकीत तोंड बांधलेला, टाय लावलेला माणूस एकटाच हातवारे करतोय, हे बघून समोरच्या चाळीत नव्याने आलेल्या एका बाईने आपल्या नवऱ्याला हाक मारली, आणि तो नवरा लाटणं घेऊन आला. लाटणं त्याने आमच्याच दारात बायकोच्या हातातून घेतलं होतं, ते मी पाहिलं. दीनाने, म्हणजे अंकलच्या मुलीने, मध्ये पडून सगळं समजावलं. अंकल तोंडावरचा रुमाल न काढता हात जोडत राहिले.

दीना तेव्हा वीस वर्षांची होती. मुंबईहून येताना अठराची. दवाखान्यात चिठ्ठ्या लिहायची, हिब्रू तिला इतकं छान यायला लागलं होतं की बाप मराठीत विचारी आणि ती हिब्रूत उत्तर देई. "दीना, जेवलीस?" याचं उत्तरही हिब्रूत. अंकल ते उत्तर आपल्याला कळलंय असं दाखवत मान हलवायचे. तिची आई मुंबईलाच वारली होती. बापलेकीचं भांडण मी कधी ऐकलं नाही, पण बोलणंही फारसं ऐकलं नाही.

त्यांच्या बायकोविषयी मी त्यांना एकदाच बोलताना ऐकलं, आणि तेही जादूवरून. लाल-काळ्याची ती जादू कशी होते, ते सांगा म्हणून मी त्यांच्या मागे लागले होते. मी नुसती उत्सुक नव्हते, मला राग येत होता. शेजारधर्म म्हणून मी यांना आमटी देणार, मुलीचे कपडे शिवून देणार, आणि हे माझ्या डोळ्यांत धूळ फेकणार. मी म्हटलं, "मी काही ऑडियन्स नाही. मला सांगायला काय हरकत आहे?"

त्यांनी पत्ते खाली ठेवले. म्हणाले, "बाय, मला ज्या पारशी म्हाताऱ्याने शिकवलं ना, त्याने पहिल्या दिवशी माझा हात हातात धरून वचन घेतलं. ट्रिक दाखवायची, हात दाखवायचा नाय. बायको बावीस वर्षं माझ्या घरात राहिली. तिला नाय सांगितलं. शेवटी शेवटी अंथरुणावरून विचारायची, आता तरी सांगा की. मी हसून टाळायचो. वाटायचं, सांगितलं म्हणजे ती चालली हे मी कबूल केलं. ती गेली ते न कळताच गेली. आता तुला सांगू?"

मी पुन्हा विचारलं नाही. त्या माणसाचं मला तेव्हा वाईटही वाटलं आणि चीडही आली. मरणाऱ्या बायकोला एक पत्ता कसा बदलतो ते सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, असं मला अजून वाटतं.

त्रेसष्टच्या अखेरीला त्यांना त्यांची जादू सापडली. फाटलेला पत्ता अख्खा होतो, ती. नवीन काहीच नव्हतं, मुंबईत ते ही जादू करतच नसत, कारण तीत बोलायला वावच नाही. पत्ता धरायचा, सगळ्यांसमोर मधोमध फाडायचा, दोन तुकडे दोन हातांत दाखवायचे, जवळ आणायचे, फुंकर घालायची, अख्खा. संपलं. घासलेटच्या रांगेत ती पहिल्याच दिवशी पास झाली. वस्तू फाटली की प्रत्येकाचा जीव खालीवर होतो, आणि सांधली की बरं वाटतं, त्याला भाषा लागत नाही. मीही त्या दिवशी टाळी वाजवली, हे कबूल करते.

आता मोशेचं सांगायला हवं. मोशे आमच्या कारखान्यात विजेची कामं करायचा. गोरा, अबोल, चांगला मुलगा. त्याचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, माणसं मोरोक्कोची. दीनाच्या दवाखान्यात त्याने बोटाला पट्टी बांधून घेतली, आणि मग ते बोट बरं व्हायला चार महिने लागले. दोघांनी लग्न करायचं ठरवलं. दीनाने बापाला हे हिब्रूत सांगितलं आणि बापाला त्या वेळी खरोखरच कळलं.

त्या वर्षांत आमच्या लोकांच्या लग्नांवरून बरंच काही चाललं होतं. आमच्यातल्या मुलीने किंवा मुलाने दुसऱ्या देशातून आलेल्या घरात लग्न करायचं म्हटलं की चौकशी व्हायची. तुमची आई कोण, आजी कोण, तिची आई कोण, तुम्ही पक्के यहुदी कशावरून. आमच्या पणजीचं नाव आम्हाला माहीत होतं, गाव माहीत होतं, पण कागद कुठला असणार? कोकणात आमचे लोक तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गाव आम्हाला शनिवार तेली म्हणायचं. शनिवारी घाण्याचा आवाज नाही, हे साऱ्या गावाला ठाऊक असायचं. कोणी येऊन विचारत नव्हतं आणि कोणाला दाखवावंही लागत नव्हतं. इथे येऊन दाखवायची वेळ आली.

मोशेचे वडील कर्मठ होते. वाईट नव्हते. त्यांच्या घरात शब्बाथला, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंत, चमचा इकडचा तिकडे होत नसे. मुलगा भारतातल्या मुलीवर अडून बसलाय म्हटल्यावर त्यांनी निरोप धाडला की आम्ही शब्बाथच्या दुपारी येतो, घर बघतो. इतर दिवशी दोघांच्या पाळ्या जुळत नव्हत्या हे खरं, पण शब्बाथच का निवडला तेही आम्हाला कळलं होतं. होकार की नकार, ते त्या दुपारी ठरणार होतं. त्यांनी नाही म्हटलं असतं तर मोशे घर सोडून आला असता, पण दीनाला ते नको होतं. "मला आईही नाही आणि सासूही नाही, असं नको," एवढं ती मला म्हणाली, मराठीत.

गुरुवारपासून मी त्यांच्या घरात होते. भांडी घासली, पडदे धुतले, करंज्या केल्या. अंकल मात्र वेगळ्याच काळजीत. व्याह्यांशी बोलणार काय? त्यांना अरबी येते, फ्रेंच येते, अंकलना त्यातलं काहीच येत नाही. मोशेच्या आजीला तर हिब्रूही येत नव्हतं. तीन तास नुसते एकमेकांकडे बघत बसायचं का? मग त्यांचा चेहरा उजळला. "मी माझी ट्रिक करणार," म्हणाले. "दोन वर्षं कशासाठी शोधली?"

दीना म्हणाली नको. मी म्हटलं, करू दे गं, तेवढंच हसतील. हा सल्ला माझा, आणि त्याचं ओझं मी माझ्याकडे ठेवते.

शुक्रवारी दुपारी, शब्बाथच्या मेणबत्त्या लावायला अजून तासभर होता, तेव्हा अंकल माझ्याकडे आले. त्यांच्याकडे मुंबईहून आणलेले एकसारखे दोन कॅट होते. एक रोजच्या वापरातला, दुसरा कागदात गुंडाळून जपलेला. जपलेल्यातून त्यांनी बदामची राणी काढली. "बाय, घड्याळ बघ. अजून शब्बाथ लागला नाय ना? मी आत्ता फाडतोय. उद्या फाडणार नाय." आणि राणी मधोमध फाडली. फाडताना त्यांचा हात थांबून थांबून चालत होता. रांगेतल्या जादूला कुठल्यातरी तुटक्या कॅटचे पत्ते चालले होते; जपलेल्यातला एक पत्ता गेला की कॅट कायमचा गेला. मग मला म्हणाले, "तू पाहिलंस, पण कोणाला बोलायचं नाय." मी काही विचारलं नाही. एवढं कळलं की शब्बाथला कागद फाडू नये हे त्यांना पक्कं ठाऊक होतं आणि त्यांनी त्याची सोय आधीच केली होती. नियम पाळला होता. आमच्या डोक्यात त्यापुढचं काही आलंच नाही.

शनिवारी दुपारी ती माणसं चालत आली. मोशे, त्याचे आईवडील आणि आजी. आजी म्हणजे त्या वडिलांची आई. रुमाल बांधलेली, कपाळावर गोंदलेली, काठी टेकत आलेली. तिला आम्ही हाताची खुर्ची दिली. माझा नवराही तिथे होता; त्याने सगळ्यांची ओळख करून दिली, म्हणजे नावं सांगितली. मोशेच्या वडिलांनी सगळीकडे नजर टाकली. दाराच्या चौकटीवरची मेझुझा, म्हणजे आतमध्ये प्रार्थनेची गुंडाळी असलेली डबी बघितली, शब्बाथला विस्तव पेटवायचा नाही म्हणून कालपासून मंद आचेवर ठेवलेली किटली बघितली, मान हलवली. करंज्या खाल्ल्या. सगळं ठीक चाललं होतं. मग बोलणं संपलं आणि सगळे एकमेकांकडे बघून हसायला लागले, तसं अंकल उठले.

खिडकीकडे पाठ करून ते उभे राहिले. टाय सरळ केला. दोन्ही हातांत वरखाली धरून बदामची राणी आधी आजीला दाखवली, मग सगळ्यांना. एक शब्द बोलले नाहीत. मग दोन्ही हात हळूच वेगळे केले. टर्र असा आवाज खोलीभर ऐकू आला. दोन हातांत दोन तुकडे. आजीने छातीवर हात नेला. अंकलनी तुकडे एकमेकांवर आणले, फुंकर घातली, आणि राणी अख्खी. इतकं सुंदर त्यांनी पूर्वी कधीच केलं नव्हतं. मी त्यांच्याकडे बघत होते. टाळ्यांची वाट बघत त्यांनी मान थोडी लववली.

मोशेचे वडील उभे राहिले. "असूर," म्हणाले. वर्ज्य. मग हिब्रूत बरंच काही, आवाज न चढवता. शब्बाथला कागद फाडलात. आमच्यासमोर फाडलात.

दीना म्हणाली, "पण पत्ता अख्खा आहे."

"आता अख्खा आहे," ते म्हणाले. "आधी फाडला, ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं. मग जोडला. जोडणंही वर्ज्य आहे."

म्हणजे एका मिनिटात दोन पापं. दुसऱ्या कोणत्याही दिवशी मला हसू आलं असतं. मोशेची आई डोक्यावरचा रुमाल सारखा करून उठायच्या बेतात होती. मी वचन मोडलं. माझ्या मोडक्या हिब्रूत सांगितलं, शुक्रवारी फाडला, मी पाहिलं, घड्याळ पाहिलं. मोशेच्या वडिलांनी माझं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आत्ता आवाज कशाचा आला?"

मी अंकलकडे वळले.

अंकल सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होते. "दीना, काय म्हणतात ते?" दीनाने सांगितलं. आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरू शकत नाही. आनंद आला. "म्हणजे त्यांना खरंच फाटला असं वाटलं?" त्यांनी विचारलं. येरुहामला आल्यापासून कोणी त्यांच्या हातावर इतका पुरता विश्वास ठेवला नव्हता. मग त्यांनी दीनाकडे बघितलं. ती भिंतीला टेकली होती आणि मोशे तिच्याकडे जाऊ की नको अशा तिढ्यात उभा होता. अंकलचा आनंद गेला.

त्यांनी एक स्टूल ओढलं आणि मोशेच्या वडिलांच्या पुढ्यात, त्यांच्या गुडघ्याशी येईल असं ठेवून त्यावर बसले. हात पुढे केला आणि उघडला. अख्ख्या राणीच्या मागे, तळव्यात, कालचे दोन तुकडे होते. एक तुकडा त्यांनी मोशेच्या वडिलांच्या हातात दिला, फाटलेली कड दाखवली. मग परत घेतला. दोन तुकडे टोकाला टोक लावून धरले, मधली फट बोटाने झाकली, राणी पुन्हा अख्खी दिसू लागली. "ही अशी," ते मराठीतच म्हणाले. मग उजव्या अंगठ्याचं वाढवलेलं नख पत्त्याच्या कडेवरून ओढलं. टर्र. पुन्हा ओढलं. टर्र. तुकडे दूर केले, जवळ आणले, मागची अख्खी राणी पुढे सरकवली. हे सगळं त्यांनी तीन वेळा केलं, प्रत्येक वेळी आधीपेक्षा हळू. पहिल्यांदा मी बघितलं. पुढच्या दोन वेळी मी जमिनीकडे बघत होते. मला लाज वाटत होती आणि ती कोणाची ते कळत नव्हतं.

मोशेच्या वडिलांनी फाटलेली कड खिडकीच्या उजेडात नेऊन बघितली. मग खाली बसले. "बरं," म्हणाले. "शुक्रवारी फाडलेला आहे." त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांना त्यांच्या मुलाची काळजी होती, त्यांना जे बघायला हवं होतं ते त्यांनी बघितलं. तरी मला त्यांचा राग आला होता, तो पुढे कित्येक वर्षं सणासुदीला त्यांच्याबरोबर जेवूनही पुरता गेला नाही.

आजी इतका वेळ पत्त्याकडे बघत होती. तिला हिब्रू कळत नव्हतं. तिने मोशेला अरबीत काहीतरी विचारलं, मोशेने वाकून तिला सगळं सांगितलं. मग ती आपल्या मुलाकडे वळली आणि बोलायला लागली. आम्हाला एक अक्षर कळत नव्हतं, पण त्या पन्नास वर्षांच्या माणसाची मान खाली खाली जात होती ते दिसत होतं. शेवटी तिने काठी अंकलकडे रोखली आणि मोशेला म्हणाली, सांग. मोशेने हिब्रूत सांगितलं, अगदी हळू. दीनाने ते बापाला मराठीत सांगितलं.

"पप्पा, ती म्हणते, किती सुंदर होतं ते. तुम्हाला हात उघडायला कोणी लावलं?"

अंकल पत्ते गोळा करत होते. ते थांबले. मग आजीकडे बघत म्हणाले, "सांग त्यांना, कोणी नाय लावलं. मुलगी माझी आहे."

दीनाने तोंड उघडलं. तिला सगळे शब्द येत होते. दवाखान्यात दिवसभर ती लोकांची दुखणी एका भाषेतून दुसरीत नेत असे. ते वाक्य मात्र तिच्या तोंडून निघेना. मोशे थांबला होता, आजी थांबली होती, दीना ओठ दाबून उभी होती आणि तिचे डोळे भरून वाहत होते. मग मीच सांगितलं. माझं हिब्रू मोडकं, बाईला पुरुष आणि पुरुषाला बाई करणारं. मी म्हटलं, "कोणी नाही. मुलगी त्यांची."

मोशेने ते अरबीत आजीच्या कानात सांगितलं. म्हातारीने ऐकलं. मग मुलाला काहीही न विचारता तिने हात लांब करून दीनाचं मनगट धरलं, तिला जवळ ओढलं आणि खुर्चीत सरकून स्वतःच्या शेजारी बसायला जागा करून दिली.